नाटकात लेक असली की नाटक दिसत नाही

बोरीकाठ (अमळनेर)

माझी लेक नववीत शिकते आणि गेल्या वर्षापासून शाळेच्या नाटकमंडळीत आहे. मी एका पतसंस्थेत रोखपाल आहे. आमच्या घरात नाटकाची परंपरा नाही. माझा रंगमंचाशी आलेला शेवटचा संबंध म्हणजे चौथीत असताना स्वागतगीताच्या मागच्या ओळीत उभा होतो तो. लेकीने आजवर केलेले पाचही प्रयोग मी पहिल्या रांगेत बसून पाहिले आहेत. तरीही पाचव्या प्रयोगानंतर तिने विचारलेल्या एका साध्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आठवीत असताना नाटकात निवड झाल्याचे तिने सांगितले तेव्हा मी पतसंस्थेत पेढे वाटले. खरे सांगायचे तर पहिला प्रश्न मी असा विचारला होता की याचे दहावीला गुण मिळतात का, कारण चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे मिळतात हे मला ठाऊक होते. प्रयोगाच्या दिवशी कळले की तिच्याकडे भूमिका नाही, ती प्रॉम्प्टर आहे, म्हणजे नट विसरला की विंगेतून शब्द सुचवणारी. पाऊण तास मी उजव्या विंगेकडे पाहत बसलो. मधूनच पडद्याच्या कडेला वहीचा कोपरा दिसे, तेवढेच माझे नाटक. घरी आल्यावर मी म्हणालो, "तू तर दिसलीच नाहीस." ती म्हणाली, "मी दिसले असते तर नाटक पडलं असतं, पप्पा."

यंदा तिला भूमिका मिळाली. गावात काम नाही म्हणून सुरतेला निघालेल्या एका तरुणाची कथा आहे आणि ती त्याची आजी झाली आहे. ही आजी अहिराणी बोलते. इथे मला एक कबुली द्यावी लागेल. आमच्या घरी माझी आई अहिराणीच बोलते, मीही तिच्याशी अहिराणीच बोलतो, पण लेकीशी मात्र तिच्या जन्मापासून हट्टाने प्रमाण मराठीच बोलत आलो. पुण्यात शिकायला गेलो होतो तेव्हा तोंडून चुकून अहिराणीतला 'शे' (म्हणजे 'आहे') गेला की खोलीतली मुले आठवडाभर चिडवत असत. ते लेकीच्या वाट्याला येऊ नये एवढाच हेतू होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये आमच्या गावी ९७ वे साहित्य संमेलन भरले, तेव्हाही मी पाहुण्यांशी तोलून मापून पुस्तकी मराठी बोलत हिंडलो. आणि आता याच मुलीला अहिराणी शिकायची होती, तीही दीड महिन्यात.

शिकवली अर्थात माझ्या आईने. संहितेत आजीचे वाक्य होते, "जा बेटा, पण दिवाळीला येजो." आई म्हणाली, "आम्ही दिवाळी नही म्हनतस, दिवाई म्हनतस." मग ते झाले, "जाय बेटा, पन दिवाईले येजो." सरांनी बदल मान्य केला. उठण्याबसण्याचेही तसेच. नाटकातली म्हातारी उठताना गुडघ्यावर हात टेकते, तशी माझी लेकही टेकत होती. आईने तिला सांगितले की म्हातारी आधी पदर सावरते आणि मग उठते. गुडघा दुखतो ते कुणाला दाखवायचे नसते. त्या दोघी स्वयंपाकघरात तालीम करत आणि मी बाहेर वर्तमानपत्र उलटे धरून ऐकत असे.

पहिल्या दोन प्रयोगांत आजी तोंड उघडताच लोक हसले. विनोद काहीच नव्हता. रंगमंचावर अहिराणी ऐकू आली की हसायचे असते अशी आपल्याकडे सवय आहे. मला ते लागले. लेकीने मात्र दुसऱ्या प्रयोगात हशा ओसरू दिला आणि तेच वाक्य पुन्हा, पण हळू आवाजात म्हटले. तिसऱ्या प्रयोगापासून कुणी हसले नाही.

पाचवा प्रयोग जळगावच्या आंतरशालेय स्पर्धेत झाला. परतीच्या गाडीत, पाळधी मागे पडल्यावर, तिने मला विचारले, "पप्पा, तिसऱ्या प्रवेशात दलाल पैसे मोजतो तिथे आज लोक गप्प का झाले? एरवी तिथे हसतात." मी काहीतरी सांगायला तोंड उघडले आणि मिटले. त्या प्रवेशात ती नसते. त्या वेळात मी मोबाइलवर तिच्या आधीच्या प्रवेशाचे चित्रण नीट झाले आहे की नाही ते पाहत होतो. पाच वेळा पाहिलेल्या नाटकातला एक संपूर्ण प्रवेश मला ठाऊकच नव्हता. ती काही बोलली नाही, धरणगाव येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिली.

जानेवारीत शाळेच्या स्नेहसंमेलनात सहावा आणि बहुधा शेवटचा प्रयोग आहे. ज्यांची मुले नाटकात काम करतात, ते प्रयोग पाहतात तरी कसा?

विंगेतला (जळगाव)

बोरीकाठ भाऊ, तीसेक वर्षे हौशी नाटकांत पडद्यामागे काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

पहिली रांग सोडा. पहिल्या रांगेतून पुढच्या नटांचे पाय उत्तम दिसतात, पण मागच्या लेव्हलवर, म्हणजे चौथऱ्यावर, बसलेली पात्रे त्यांच्याआड जातात आणि दिग्दर्शकाने महिनाभर खपून बसवलेले चित्र तुम्हाला अर्धेच मिळते. सहाव्या-सातव्या रांगेत मधोमध बसा. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. रंगमंचावरचा प्रकाश सांडून पहिल्या दोन रांगांवर येतो, त्यामुळे तिथे बसलेल्यांचे चेहरे नटाला स्पष्ट दिसतात. आपले वाक्य आले की वडिलांचे ओठ हलतात, हे तुमच्या लेकीला दिसत असणार. मोबाइलचा उजेड तर अंधारात कंदिलासारखा डोळ्यांवर येतो. एकदा आमच्या नाटकात एक मुलगा ऐन रडण्याच्या प्रसंगी थबकला. समोर त्याचे काका उभे राहून चित्रण करत होते आणि हाताने त्याला 'जरा डावीकडे सरक' असे खुणावत होते.

आता पाहायचे कसे, ते सांगतो. बोलणाऱ्याकडे पाहू नका, ऐकणाऱ्याकडे पाहा. शाळकरी मुलांच्या नाटकात पाठांतर बहुतेकांचे चोख असते; खरी परीक्षा दुसरा बोलत असताना हा काय करतो, यात असते. आपले वाक्य कधी येते याची वाट पाहत उभा असलेला नट आणि समोरच्याचे खरोखर ऐकणारा नट यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. तुमच्या लेकीला 'दिवाईले येजो' म्हणताना पाच वेळा पाहिलेत. ते ऐकणारा नातू त्या क्षणी काय करतो?

आणि प्रॉम्प्टर होती याचे वाईट वाटून घेऊ नका. चांगला प्रॉम्प्टर पूर्ण वाक्य देत नाही, पहिला शब्द देतो. त्याहून मोठे कसब म्हणजे नट विसरला आहे की त्याने मुद्दाम जागा घेतली आहे, म्हणजे ठरवून थांबला आहे, हे श्वासावरून ओळखणे. चुकून जागेवर प्रॉम्प्ट गेला तर प्रसंग मेलाच. दुसऱ्या प्रयोगात हशा ओसरू देण्याचे भान तिला कुठून आले असे तुम्हाला वाटते? वर्षभर विंगेत वही घेऊन ती नेमके हेच शिकत होती.

पांझरा (धुळे)

मी शाळेत मराठी शिकवते आणि दरवर्षी एक नाटक बसवते, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते.

पालकांचा अभिमान मला प्रिय आहे, पण तो तालमीच्या खोलीबाहेर राहिलेला बरा. एका वर्षी एक वडील संहितेची झेरॉक्स घेऊन माझ्याकडे आले होते. त्यांनी आपल्या मुलीची वाक्ये पिवळ्या पेनाने रंगवून मोजली होती, शेजारणीच्या मुलीचीही मोजली होती आणि सात वाक्ये कमी कशी, असा त्यांचा सवाल होता. त्यांना कसे सांगावे की त्यांच्या मुलीला कमी वाक्ये दिली, कारण ती न बोलता उभी राहू शकत होती; बाकीच्यांना ते जमत नव्हते. ती मुलगी मात्र दुसऱ्या दिवसापासून अवघडली. त्या वर्षीचे नाटक मला आजही आठवू नये असे वाटते.

पालकांनी करण्यासारखे पुष्कळ असते, फक्त ते दिसत नाही. संध्याकाळच्या तालमी लांबल्या की मुलींना घरी कोण पोहोचवणार, या एका प्रश्नावर निम्म्या मुली गळतात. एखाद्या पालकाने रोज चार मुलींना घरी सोडण्याची जबाबदारी घेतली, तर त्याने नाटकाला नायिकेइतकाच हातभार लावला असे मी मानते. जुना कंदील, धोतर, पाटा-वरवंटा, लोखंडी पेटी या वस्तू शाळेत नसतात, घराघरांतल्या माळ्यांवर असतात. स्पर्धेच्या दिवशी नेपथ्य लावायला मोजका वेळ मिळतो. त्या वेळी खाट उचलणारे चार हात हवे असतात.

बोरीकाठ

मॅडम, पिवळे पेन माझ्याकडेही आहे. एकेचाळीस वाक्ये भरली. रोखपालाची सवय, दुसरे काय. तक्रार घेऊन मात्र गेलो नाही, एवढेच माझ्या बाजूने नोंदवून ठेवावे.

केळीबाग (फैजपूर)

आधी एक दुरुस्ती, मग मूळ विषय. आपल्याकडे रंगमंचावर खान्देशी म्हातारी आली की ती अहिराणीच बोलणार, असे लिहिणाऱ्यांनी ठरवून टाकले आहे. आमच्या यावल-रावेर भागात लेवा गणबोली बोलतात. बहिणाबाई चौधरींची कविता त्याच बोलीतली आहे, तरी तिलाही पुष्कळ लोक सर्रास अहिराणी म्हणून मोकळे होतात. 'ळ' चा 'य' दोन्हीकडे होतो, म्हणून बाहेरच्यांचा गोंधळ उडत असावा. तुमची आजी अमळनेरची असल्याने तिचे 'शे' अगदी योग्य आहे, पण हेच नाटक आमच्याकडे बसवायचे झाले तर ती बोली बदलावी लागेल.

आता मूळ विषय. माझा मुलगा आठवी ते दहावी शाळेच्या प्रत्येक नाटकात होता. मी त्याचा एकही प्रयोग चुकवला नाही. केळीची काढणी चालू असतानाही एकदा ट्रक भरणे मजुरांवर सोपवून आले होते. अकरावीला त्याला शिकवणीसाठी बाहेरगावी ठेवले आणि नाटक थांबवले. त्याने थांबवले नाही, मी थांबवले. तो शब्दानेही काही बोलला नाही. आज त्याचे शिक्षण नीट चालले आहे. पण सुटीत घरी आला की जेवताना पूर्वीसारखी सगळ्या पात्रांची सोंगे करून दाखवत नाही, मुकाट्याने जेवतो. तुम्ही प्रयोग कसा पाहावा असे विचारता. मी म्हणेन, जसा जमेल तसा पाहा, चुकीचा पाहिलात तरी चालेल, पण पाहत राहा.

विंगेतला

ताई, इतर वाचणाऱ्यांसाठी म्हणून एक लिहितो. दहावीनंतर नाटक सुटले म्हणजे कायमचे सुटले, असे नसते. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेशच मुळी पदवीनंतर मिळतो. पुण्यात विद्यापीठाचे ललित कला केंद्र आहे, मुंबई विद्यापीठाचाही नाट्यविभाग आहे. महाविद्यालयात गेल्यावर एकांकिका स्पर्धा असतातच. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका त्या योग्यतेची नाही म्हणून मुख्य करंडक कुणालाच दिला नव्हता. मुलांनी इतके मनाला लावून घेण्यासारखी जागा अजून शिल्लक आहे, हे त्यावरून दिसते. तुमच्या मुलाला एवढेच विचारा की तुझ्या महाविद्यालयात नाटक करतात का. करूच, असे म्हणायला नको; फक्त विचारा.

केळीबाग

विचारते.

उधना (सुरत)

माझे मूळ गाव पारोळा तालुक्यात, पण गेली बावीस वर्षे सुरतेत यंत्रमागावर आहे. या धाग्यातले ते वाक्य वाचून थोडा वेळ मोबाइल बाजूला ठेवला.

दिवाळीच्या आधी उधन्याहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत उभे राहायला जागा नसते. शौचालयाच्या दारात पोत्यावर बसून नंदुरबारपर्यंत आलो आहे. येतो तो का येतो, तर निघताना कुणीतरी 'येजो' म्हटलेले असते. आमच्याकडे 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात, आणि 'जा' म्हणणारे माणूसही पुढे 'येजो' जोडल्याशिवाय सोडत नाही. तुमच्या आईने 'दिवाई' दुरुस्त केले ते उत्तम झाले. 'दिवाळीला' म्हणणारी आजी मला माझी वाटली नसती.

एक विचारायचे आहे. नाटकातला नातू शेवटी दिवाळीला येतो का?

बोरीकाठ

उधना भाऊ, येत नाही. पैसे येतात. तिसऱ्या प्रवेशात दलाल मोजतो ते पैसे तेच असावेत असे आता वाटते आहे. खात्री करून घेतो.

पांझरा

पाच प्रयोग पाहिलेल्या प्रेक्षकाचे हे उत्तर मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे. राग मानू नये.

बोरीकाठ

राग कसला, मॅडम.

दरम्यान एक गोष्ट घडली, ती सांगतो. आमच्या घरात नाटकाची परंपरा नाही असे मी वर लिहिले आहे. परवा जेवताना हेच वाक्य आईसमोर बोललो. ती बराच वेळ भाकरी मोडत राहिली आणि मग म्हणाली की तिचा सख्खा मामा तमाशाच्या फडात नाच्या होता. बायकी सोंग असे काही वठवायचा की शेजारच्या गावातल्या बायका त्याची लुगडे नेसण्याची तऱ्हा पाहायला येत. पदर आधी, गुडघा नंतर, हे तिने त्याच्याकडूनच पाहिले होते. मी विचारले, मग आजवर बोलली का नाहीस? लग्न ठरताना ही गोष्ट लपवली होती आणि मग ती लपलेलीच राहिली, असे ती म्हणाली. लेकीने जेवण अर्धे टाकून वही आणली.

म्हणजे मी ज्या बोलीची लाज धरली, त्याच बोलीतल्या सोंगाची लाज माझ्या आधीच्या पिढीनेही धरली होती, आणि लेकीला या दोन्ही गोष्टींचे भांडवल मिळाले आहे. यावर अधिक काय लिहावे ते मला सुचत नाही.

विंगेतला

त्या मामांबद्दल आईंना जे आठवेल ते लिहून काढा. खान्देशात तमाशा, वहीगायन, सोंगे यांत उभी हयात घालवलेली माणसे होती आणि त्यांच्या घरच्यांनीच त्यांच्याविषयी बोलणे टाळले, म्हणून त्यांची नावेसुद्धा उरली नाहीत. आमच्या जळगावात खुले नाट्यगृह आहे, त्याला बालगंधर्वांचे नाव आहे. बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या म्हणून त्यांचे नाव नाट्यगृहावर लागले आणि तुमच्या आईच्या मामांचे नाव सोयरिकीत लपवावे लागले. दोघांनी नेसले लुगडेच.

बोरीकाठ

स्नेहसंमेलनातला प्रयोग काल झाला. आपण सर्वांनी इतके लिहिले आहे म्हणून वृत्तांत देणे माझे कर्तव्य समजतो.

दुपारी खाट आणि लोखंडी पेटी टेम्पोतून शाळेत पोहोचवली. पेटी आमच्याच माळ्यावरची होती. तिसरी घंटा झाली तेव्हा मी सातव्या रांगेत बसलो होतो, मोबाइल बायकोच्या पिशवीत होता आणि शेजारी आई होती. मैदानावर थंडी होती, आईने कानाला शाल गुंडाळली होती, त्यामुळे तिला निम्मे ऐकू आले नसावे, पण तिला सगळे पाठच होते.

तिसरा प्रवेश या वेळी नीट पाहिला. दलाल नोटा मोजतो, मध्येच बोटाला थुंकी लावतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागतो. गावचे लोक तिथे हसले. मी हसलो नाही, कारण नोटा मोजताना मीही हेच करतो, पण त्या दिवशी जळगावचे लोक गप्प का झाले असतील ते माझ्या लक्षात आले. तो दुसऱ्यांदा मोजतो तेव्हा आकडा कमी येतो. सहा प्रयोगांत मला ते प्रथमच ऐकू आले. उधना भाऊ, ते पैसे नातवानेच पाठवलेले आहेत.

निरोपाचा प्रवेश त्याच्या आधीचा, तो आता सांगतो. विंगेतला साहेबांचे ऐकून मी लेकीकडे पाहिले नाही, नातू झालेल्या मुलाकडे पाहिले. सोपे नव्हते, मान सारखी तिकडे वळत होती. तिचे वाक्य फक्त ऐकले. त्या मुलाने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि तिची चेन लावू लागला. ती लागेना. त्याने पुन्हा ओढली, पुन्हा लागली नाही. वाक्य कधीच संपले होते, पण तो मान वर करून तिच्याकडे पाहत नव्हता, खाली वाकून चेनशी झटत राहिला, आणि ती नुसती उभी राहून त्याच्या पाठीकडे पाहत होती. बराच वेळ कुणीच काही बोलले नाही. शेवटी उघडीच पिशवी छातीशी धरून तो निघून गेला. माझ्या शेजारी आई पुटपुटली, "येजो रे, येजो." ती कुणाला उद्देशून म्हणाली हे मी विचारले नाही, माझा धाकटा भाऊ गुजरातेत वापीला असतो.

रात्री घरी येताना लेकीने विचारले, "आज काय पाहिलंत?" मी मोठ्या ऐटीत तिसऱ्या प्रवेशाचा हिशोब सांगितला आणि मग म्हणालो की त्या मुलाने पिशवीच्या चेनची जी जागा घेतली, तसा अभिनय मी आजवर पाहिला नाही. ती रस्त्यातच थांबून हसायला लागली. म्हणाली, "पप्पा, ती चेन खरंच अडकली होती. त्याला घाम फुटला होता. मी प्रॉम्प्ट देऊ की नको, हेच मला कळेना."

विंगेतला

पुढच्या प्रयोगाला तो मुलगा ती चेन मुद्दाम अडकवील, पाहा. आणि तेव्हा ती चटकन लागेल.